दसऱ्याच्या दिवसाची लॉग फाइल

“चोर माझ्याच ऑफिसात आहे. नावही ठाऊक आहे. तुम्ही फक्त पुरावा शोधून द्या.”

देवानंद रहांगडाले खुर्चीत नीट बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला. दामिनी बिसेनने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“नाव ठाऊक असेल तर मला फी कशाला देता?”

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले श्यामलाल खुदकन हसले. ते दामिनीचे मामा. सप्त्यात झांज वाजवायची आणि एरवी भाचीबरोबर तपासाला जायचं, एवढ्या दोनच हौशी.

देवानंदचं मुर्री गावात सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं. धान खरेदी केंद्राच्या काट्यावर चालणारा प्रोग्राम त्याने बनवला होता आणि एक सहकारी महासंघ तो घ्यायला तयार होता. अट एवढीच, की एका मशीनने रोज सकाळी आपोआप सगळ्या चाचण्या घ्यायच्या. काय झालं ते मशीन स्वतःच लिहून ठेवे, ती लॉग फाइल. तिची प्रत रोज महासंघाकडे जाई. शेवटी या सगळ्याचा एक अहवाल द्यायचा.

“अहवालात लिहिलंय, दसऱ्याच्या दिवशी सर्व चाचण्या उत्तीर्ण,” देवानंद म्हणाला. “महासंघ विचारतो, त्या दिवसाची लॉग फाइल कुठे आहे? त्यांच्याकडे आली नाही, आमच्याकडेही नाही. उद्या त्यांचे साहेब येताहेत. खोटा अहवाल दिला असं ठरलं, की काम गेलं.”

“आणि चोर?”

“हिमांशू मेश्राम. फायली त्याच्या ताब्यात. दसऱ्याला तो नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. मागे काही बिघडलं असेल. आल्यावर त्याने फाइल उडवली आणि अहवालात उत्तीर्ण लिहून टाकलं. मी सगळ्यांसमोर सांगितलंय त्याला, आज संध्याकाळी राजीनामा दे.”

“पुरावा मिळायच्या आधीच?”

देवानंदने पाणी पिऊन टाकलं.

ऑफिस त्याच्या घराच्या तळमजल्यावरच होतं. पलीकडे कापणीला आलेलं धान उभं होतं. ओसरीवर देवानंदचे वडील खुशालबाबा बसले होते. श्यामलाल त्यांना रामराम करायला थांबले आणि तिथेच रमले.

हिमांशूच्या टेबलावरचं सामान खोक्यात भरलेलं होतं.

“माझी बाजू विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच,” तो म्हणाला. “त्या मशीनला माझा हात लागत नाही, मॅडम. ती आपोआप सुरू होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा मशीन चालू होती, चाचण्या झालेल्या होत्या. आदल्या दिवसाचं मी पाहिलं नाही, एवढी माझी चूक.”

“मग राजीनामा देऊ नका.”

“नाही दिला तरी काढतील. नोकरी दुसरी मिळेल हो. पण माझ्या बापाने सेंट्रिंगची कामं करून मला शिकवलं. त्याचा मुलगा खोटं लिहितो, असं कोणी त्याला सांगितलं तर?”

दामिनीने त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढली. मग म्हणाली, “फायली दाखवा.”

पडद्यावर ओळीने फायली आल्या. एव्हाना श्यामलालही आत आले होते. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले, “दसऱ्याच्या आदल्या दिवशी, चारशे बारा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, चारशे तेरा. हे काय, तिकिटांचे नंबर?”

“चाचणी सुरू झाली की मशीन फाइलला पुढचा नंबर देते,” हिमांशू म्हणाला. “महासंघाकडच्या प्रतींवरही हेच नंबर असतात.”

प्रोग्राम लिहिणारा बंटी कानातली वायर काढून वळला. “दीदी, मशीनला छुट्टी नसते. दिवाळी हो या दसरा.”

“लाइट गेली तर?”

“इन्व्हर्टर आहे ना. पंखे बंद पडतात, ती नाही पडत.”

“आणि अहवाल कोण लिहितं?”

“लिहायला कोण बसते? माझा प्रोग्राम लिहितो. लॉगमध्ये ‘नापास’ शब्द शोधतो. सापडला तर लाल रांग, नाही तर उत्तीर्ण. एकदम झकास. रीनाताई फक्त वरून शोभा करते.”

“शोभा?” रीना चहाचा ट्रे घेऊन आली. “कोणती चाचणी काय तपासते, लॉग कुठे असतो, हे सगळं मी लिहिलं. तुला तर पूर्णविरामसुद्धा देता येत नाही.” तिने दामिनीपुढे कप ठेवला. “दुधाचा आहे, नशीब समजा मॅडम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना काळा चहा पाजला. फ्रीजमधलं दूध नासलं होतं.”

“फ्रीज कुठे आहे?”

“त्या पडद्यामागे. चाचणीच्या मशीनजवळ. एकाच बोर्डावर दोन्ही.”

दामिनीने पडदा सारला. मशीनच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं. बोर्डाच्या बटणावरही लाल डाग होता.

“रक्त!” श्यामलाल कुजबुजले.

“मामाजी, रक्त आतापर्यंत काळं पडलं असतं.”

“पूजेचं कुंकू आहे,” देवानंद वैतागून म्हणाला. “बाबांनी सगळ्यांना लावलं, प्रिंटरलाही. पहाटेच पूजा झाली, पोरं लॅपटॉप घेऊन घरी गेली. याचा इथे काय संबंध?”

“ओसरीवर इतका वेळ काय बोलत होता, मामाजी?” दामिनीने विचारलं.

“ट्रॅक्टरबद्दल. खुशालबाबा दसऱ्याला त्याला हार घालतात, आणि मग दिवसभर कोणाला चावी देत नाहीत. या ऑफिसची चावीही त्यांच्याकडेच असते म्हणे. सकाळी तेच उघडतात.”

दामिनीने चहा संपवला. “सगळ्यांना बोलवा. बाबांनासुद्धा.”

सगळे जमले. दामिनी उभी राहिली. लहानपणापासून मामांच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकलेली ती. समोरचे स्थिर झाल्याशिवाय तिला बोलायला सुरुवात करता येत नसे.

“फाइल चोरीला गेली नाही,” ती म्हणाली. “ती जन्मलीच नाही.”

“म्हणजे?” देवानंद म्हणाला.

“फाइल उडवली असती तर तिचा नंबर रिकामा राहिला असता. इथे बारानंतर सरळ तेरा आहे. नंबर मागाहून बदलले म्हणाल, तर महासंघाकडच्या प्रती कोण बदलणार? दसऱ्याला चाचणी झालीच नाही.”

“मग उत्तीर्ण कोणी लिहिलं?” देवानंदने हिमांशूकडे पाहिलं.

“तिकडे नका पाहू. बंटी, तुझा प्रोग्राम ‘नापास’ शोधतो. फाइलच नसेल तर?”

बंटीचा चेहरा उतरला. “सापडणार नाही… और लिख देगा उत्तीर्ण.”

“कीर्तनात मंडप शांत असला म्हणजे सगळेच रंगलेत असं नसतं. मागच्या रांगेत काही झोपलेलेही असतात. तुझ्या प्रोग्रामने झोपलेल्यांनाही रंगलेल्यांत धरलं.”

श्यामलालनी मान डोलावली. “हे खरं आहे. मी पाहतो ना रोज.”

“पण मशीन झोपली कशी?” रीनाने विचारलं.

“तुमच्या दुधाने सांगितलं. फ्रीज आणि मशीन एका बोर्डावर. लाइट गेली म्हणावी तर इन्व्हर्टर आहे. म्हणजे पहाटेच्या पूजेनंतर, चाचणी सुरू व्हायच्या आधीच, बटण कोणीतरी हाताने बंद केलं, आणि दूध नासेपर्यंत ते बंद राहिलं. पूजा करणारा कुंकू मशीनच्या कपाळाला लावतो, बटणाला कोणी लावत नाही. ते ओल्या बोटाने दाबलेलं बटण आहे. पूजा ज्यांनी केली, शेवटी जे निघाले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ज्यांनी दार उघडलं, त्यांचं बोट.”

खुशालबाबा गोंधळून सगळ्यांकडे पाहत होते.

“होय, म्याच बंद केलं,” ते म्हणाले. “मंग? बाकीच्या मशिनी पोरं घरी घेऊन गेली, हे एकटीच राबून राहिली होती. दसऱ्याले अवजाराले काम नाही लावत आपण. दुसऱ्या दिवशी पाया पडून चालू केलं.”

“बाबा! मले सांगितलं काऊन नाही?”

“तू विचारलं का? तू तर या पोरावर वरडत होता. चोरी झाली म्हणे. म्या कोठं काही चोरलं?”

देवानंद खाली बसला. मग उठला, हिमांशूच्या टेबलाशी गेला आणि खोक्यातलं सामान एकेक करून बाहेर ठेवू लागला.

“माझं चुकलं, हिमांशू. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच माफी मागतो. चालत असेल तर तुझ्या वडिलांना मी भेटतो.”

हिमांशूही खोक्यातलं सामान काढू लागला. “त्यांना काही कळलेलं नाही, सर. आता कळायची गरजही नाही.”

“साहेबांना काय सांगायचं?” बंटी म्हणाला. “तांत्रिक बिघाड लिहून टाकू?”

“नाही,” हिमांशू म्हणाला. “जे झालं तेच लिहायचं. फोन लावा, सर.”

देवानंदने फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून मोठं हसू ऐकू आलं. फोन ठेवून तो म्हणाला, “म्हणतात, एक दिवस बुडाला तर चालेल, खोटं चालणार नाही. अहवाल दुरुस्त करा आणि रिकामा दिवस रिकामाच दिसेल असा प्रोग्राम करा. उद्या येतातच.”

बंटी लगेच कामाला लागला. रीनाने अहवालातली दसऱ्याची रांग उघडली आणि कीबोर्ड हिमांशूकडे सरकवला. ‘उत्तीर्ण’ पुसून त्याने लिहिलं: चाचणी झाली नाही. कारण: दसऱ्यानिमित्त यंत्रास विश्रांती.

खुशालबाबा त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

“नाव नाही लिवलं?”

“कोणाचं, बाबाजी?”

“माहं. विश्रांती म्या देली. आता दुसऱ्या कोणावर यायले नको.”

हिमांशूने पुढे टाइप केलं: देणारे, खुशाल रहांगडाले.

बाबांनी अक्षर अक्षर लावून वाचलं.

“नावाच्या आगुदर श्री लाव,” ते म्हणाले.

हिमांशू हसला, आणि त्याने श्री लावला.