मनोऱ्यावरची सातवी

वेंडेल मला आयुष्यात पहिल्यांदा जे बोलला, ते "शू…" होतं.

जुलैचा पहिला आठवडा. सकाळपासून पावसाची भुरभुर चाललेली, आणि मी धरणाच्या तळ्याकाठी झाडीत रस्ता चुकलेली. हातात नेमणुकीचं पत्र, पायात नवे बूट, बुटात पाणी. शेवटी मी हाक मारली, "कुणी आहे का इथं?" आता माझी हाक म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझे वडील गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतात. आमच्या घरी जेवताना कुणी मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना ऐकू जातं. झाडामागून एक उंच, ओलाचिंब तरुण धावत आला. एका हातात माशांची बादली, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

"शू…" माझ्या अगदी जवळ येऊन तो कुजबुजला. "बाई, तुम्ही इथं लिलाव पुकारायला आलात का?"

"लिलाव वडील पुकारतात," मी म्हटलं. "मी गरुडांसाठी आलेय."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. पापण्यांवर पावसाचे थेंब होते आणि तो हसू दाबत होता. "मग गरुडांचं काही खरं नाही," तो हळूच म्हणाला आणि पुढं चालू लागला.

आमच्या राज्यात पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं शेवटचं घरटं लोकांनी पाहिलं, ते माझ्या आजोबांच्याही लहानपणी. पुढं जे चुकूनमाकून यायचे, ते कुणाच्या तरी बंदुकीला बळी पडायचे. आणि डीडीटीची फवारणी सुरू झाल्यावर तर अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली, की आई उबवायला बसली की अंडं फुटायचं. आता फवारणी बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि सरकारनं अलास्काहून आठ पिल्लं विमानानं आणली होती. ती वाढवायची जागा म्हणजे तळ्याकाठचा लाकडी मनोरा. वर पिंजरे, पुढं गज, मागं फळ्यांची भिंत. भिंतीआडून मासे आत सोडायचे, बारीक भोकातून बघायचं, वहीत लिहायचं. आणि काहीही झालं तरी पिल्लांना माणसाचं तोंड दिसू द्यायचं नाही, आवाज ऐकू द्यायचा नाही. जो गरुड माणसाला घाबरत नाही तो फार दिवस जगत नाही, त्यामुळे असा गरुड सोडायचाच नाही, त्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवायचं, असा डॉ. लिंडक्विस्टबाईंचा नियम होता. त्या आमच्या प्रमुख. शनिवारी यायच्या, वही तपासायच्या आणि जायच्या.

थोडक्यात, आमच्या ऑल्टमायरांच्या घरातली मुलगी कुजबुजायच्या नोकरीवर लागली. आई फोनवर हसत सुटली. तिला माझ्या आवाजाची फार काळजी. तुझा आवाज ऐकून एक मुलगा टिकायचा नाही, रोंडा, असं ती मला मी बारा वर्षांची असल्यापासून सांगत आली होती. एक टिकला नव्हताही. एड नावाचा होता. हॉटेलात मी हसले की तो आधी आजूबाजूला बघायचा आणि मग माझ्याकडे.

पण कुजबुजीची एक गंमत असते. कुजबुजायचं तर जवळ यावं लागतं. मासे कापताना, पायऱ्या चढताना, वहीवर वाकताना वेंडेलला माझ्या कानाशी यावं लागायचं आणि मला त्याच्या. त्याच्या शर्टाला लाकडाचा आणि माशांचा वास यायचा… आणि मला तो आवडायला लागला होता, म्हणजे माझं किती बिघडलं होतं बघा. त्याचे वडील छोट्या विमानातून सफरचंदांच्या बागांवर औषध फवारायचे. हे त्यानं मला एकदाच सांगितलं. "बाबांनी मुद्दाम काही केलं नाही," तो म्हणाला, "पण फवारलं त्यांनीच." मग तो पुन्हा माशांचे तुकडे करायला लागला.

एका दुपारी जोराची सर आली आणि आम्ही दोघं मनोऱ्याखाली एकाच ताडपत्रीत अडकलो. पाऊस एवढा होता की कुजबूज ऐकूच येईना. तो कानाशी वाकून काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय? तो पुन्हा वाकला.

"म्हटलं, उद्याही पाऊस पडला तर बरं होईल."

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता. वेंडेल ट्रक घेऊन मासे आणायला गेला होता आणि मी आधीच्या दिवशी आलेले मासे तपासत होते. हे मासे गावातले लोक गळानं पकडून आम्हाला देत. त्यामुळे प्रत्येक माशाच्या तोंडात बोट घालून गळ राहिलाय का, दोरा राहिलाय का, हे बघायचं आणि मगच कापायचं. हे काम माझं. त्या दिवशी माझी बोटं माशांत होती आणि लक्ष ताडपत्रीत… एवढंच झालं.

अर्ध्या तासानं भोकाला डोळा लावला, तर सातवीच्या चोचीभोवती नायलॉनचा दोरा. दुसरं टोक पायात अडकलेलं. सातवी म्हणजे सात नंबरचं पिल्लू. पाय जाड म्हणून आम्ही तिला मादी धरलं होतं. ती पाय ओढायची, तसा दोरा आवळत जायचा. नियम असा, की दोघांनी मिळून, चेहऱ्यावर काळं फडकं बांधून, पक्ष्याचे डोळे झाकून आत जायचं. दुसरं कुणी नव्हतं. मला फडकं बांधायचंही सुचलं नाही. मी दार उघडलं, तिला काखेत दाबलं आणि सुरीनं दोरा कापला. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तपकिरी, न हलणारा डोळा. आणि मी, माझ्या चांगल्या खणखणीत आवाजात तिला म्हटलं, "झालं गं बाई, झालं."

वहीत मी लिहिलं, दुपारी आठही पिल्लांनी खाल्लं. दोरा खिशात घातला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी सातवीवर डोळा ठेवून होते. मी पायऱ्या चढले की बाकीची पिल्लं तळ्याकडे बघत बसत, आणि सातवी भिंतीकडे मान वळवायची. ती मला ओळखते का? की माशांची वेळ झाली म्हणून वळते? वेंडेल कानाशी येऊन काही गंमत करायचा आणि मी खेकसायचे. खेकसायचंही कुजबुजत! एकदा तो घरून लोणी लावलेली मक्याची कणसं घेऊन आला. मला भूक नाही म्हटलं, तर दोन्ही कणसं माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "तू रागावलीस तरी चालेल, पण कारण तरी सांग." मी कणीस खाल्लं, कारण सांगितलं नाही.

ऑगस्टच्या मध्यावर गज काढले. प्रत्येक पिल्लाच्या पंखावर नारिंगी पट्टी, तिच्यावर नंबर. सातवी पहिल्याच सकाळी उडाली. काठाच्या ओकच्या झाडांत धडपडत उतरली आणि दिसेनाशी झाली. बाकीची सात मनोऱ्यावर ठेवलेले मासे खायला परत यायची. सातवी आली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. आम्ही दुर्बिणी घेऊन काठाकाठानं फिरलो, चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलो. उपाशी पिल्लू चार-पाच दिवसांवर टिकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो.

पाचव्या दिवशी दुकानात एका म्हाताऱ्या कोळ्यानं सांगितलं. बोटी लावायच्या धक्क्यावर एक मोठा तपकिरी पक्षी येतो, लोकांनी टाकलेली माशांची डोकी खातो. माणसांना बुजत नाही फारसा, म्हणाला.

ट्रकमध्ये बसल्यावर मी रडायलाच लागले. मग वेंडेलला सगळं सांगितलं — दोरा, दार, सुरी, माझा आवाज. ताडपत्री तेवढी वगळली. मग वाटलं, आता काय लपवायचं, म्हणून तीही सांगितली. मनोरा दूर होता, मोठ्यानं बोलायला हरकत नव्हती, पण सवयीनं आम्ही कुजबुजतच होतो.

"वहीत लिही," तो म्हणाला. "जसं झालं तसं."

"ते तिला पिंजऱ्यात टाकतील, वेंडेल."

"टाकतीलही. पण लिही."

मला त्याचा असा राग आला… आणि तो बरोबर होता. मी लिहिलं, खाली सही केली. डॉ. लिंडक्विस्टबाईंनी वाचून चष्मा काढला. ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, की उद्या सकाळी धक्क्यावर माणसानं तिच्याकडे चालत जायचं, ओरडायचं, हात हलवायचे. उडाली तर उडाली. बसून राहिली तर जाळं टाकून आणायचं, आणि मग ती कधीच सुटायची नाही. चालत कोण जाणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या.

सकाळी तळ्यावर पातळ धुकं होतं. सातवी धक्क्याच्या कठड्यावर बसली होती, नारिंगी पट्टी स्पष्ट दिसत होती. वेंडेल उलट्या करून ठेवलेल्या बोटीमागं जाळं घेऊन बसला. जाताना त्यानं माझा हात एकदा दाबला आणि सोडला. त्याच्या हातातल्या जाळ्याकडे मी बघितलं नाही.

मी चालू लागले. पन्नास पावलं, चाळीस, तीस. ती माझ्याकडे बघत होती. तोच डोळा. मी तोंड उघडलं, ओरडायला म्हणून, आणि बाहेर आली ती कुजबूज. सहा आठवडे आवाज दाबून ठेवला होता, तो आता येईना. पुन्हा प्रयत्न केला, घसा खरखरला. सातवीनं मान जरा पुढं केली… आणि कठड्यावरून एक पाऊल माझ्याकडे टाकलं. मागं बोटीपाशी काहीतरी हललं. जाळं.

मग मला वडील आठवले. गच्च भरलेल्या आवारात, दोनशे लोकांच्या आणि चाळीस बैलांच्या वर चढणारा त्यांचा आवाज. तो पोटातून काढायचा, रोंडा, गळ्यातून नाही. मी पाय रोवले, दोन्ही हात वर केले आणि पोटातून ओरडले. "जा! जा इथून! माणसांकडे येऊ नकोस! मी कुणी नाही तुझी, जा!"

समोरच्या काठावरून तो आवाज परत आला. पार्किंगमधलं कुत्रं भुंकायला लागलं. आणि सातवी दचकली. धक्क्यावरची माशांची डोकी तशीच टाकून, पंख आपटत पाण्यावर झेपावली. आधी खाली गेली, मला वाटलं बुडालीच, मग वर आली आणि तळं ओलांडून पलीकडच्या झाडांवरून दिसेनाशी झाली. एकदाही मागं वळली नाही. मला इतका आनंद झाला की मी तिथंच धक्क्यावर बसले आणि हमसून रडले. मला कुणीतरी घाबरून पळून गेलं, आणि मी देवाचे आभार मानत होते.

मग एकदम लक्षात आलं, की वेंडेलनं हे सगळं ऐकलं. माझा खरा, पूर्ण आवाज. जुलैतली एक हाक सोडली, तर त्यानं तो ऐकलाच नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून आजूबाजूला बघणारा एड आठवला, आईचं वाक्य आठवलं, आणि मान वर करायची हिंमत होईना.

फळ्यांवर पावलं वाजली. जाळं खाली टाकल्याचा आवाज आला. तो माझ्यापासून चार हातांवर थांबला आणि बोलला, मोठ्यानं. त्याचा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. जाडसर होता, मध्येच थोडा फाटणारा.

"रोंडा. ती उडाली," तो म्हणाला. "मी इथंच आहे."

मी डोळे पुसले. "पुन्हा म्हण. ऐकू आलं नाही." साफ खोटं होतं.

त्यानं पुन्हा म्हटलं, एवढ्या जोरात की पार्किंगमधलं कुत्रं परत भुंकलं.

या गरुडांचं डोकं पांढरं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात, आणि बहुतेक जण जिथून पहिल्यांदा उडाले, त्याच पाण्याकडे घरटं बांधायला परत येतात. ती पाच वर्षं आम्ही कशी काढली ते विचारू नका. बाकी तिघांची बातमी आली, त्यातला एक विजेच्या तारेला चिकटून गेला. सातवीचं काहीच कळलं नाही. दर मार्चला आम्ही तळ्याभोवती गाडी फिरवायचो आणि घरी येऊन एकमेकांना म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू. आमच्या घरात आता मीठ मागितलं की शेजाऱ्यांना ऐकू जातं.

यंदा मार्चच्या दुसऱ्या रविवारी, पलीकडच्या काठावर, एका वठलेल्या झाडाच्या दुबेळक्यात काटक्यांचा ढीग दिसला. वेंडेलनं गाडी लांबच थांबवली. पाण्यावरून एक गरुड काटकी घेऊन येत होता, पांढरं डोकं उन्हात चमकत होतं. ढिगावर आधीच एक बसलेली होती, तिचंही डोकं पांढरं. तिनं पंख झटकला आणि दुर्बिणीत मला उन्हानं विटलेली नारिंगी पट्टी दिसली. मी नकळत गाडीचं दार उघडलं. एवढ्या लांबून तिनं ते पाहिलं, मान ताठ केली आणि उठायच्या बेतात आली. मी दार अलगद ओढून घेतलं. ती पुन्हा बसली.

मला पोटातून ओरडावंसं वाटत होतं. मी वेंडेलच्या कानाशी गेले आणि हळूच म्हटलं, "आली."