सिक लाइनवरची झेंडी

रजेच्या दिवशी माणसानं पाय ताणून झोपावं. मी मात्र दौंडच्या स्टँडवर शिरूरची एसटी पकडायचो. न्हावऱ्यापर्यंत उभा, पुढं जागा मिळाली तर डुलकी. कशासाठी? तर मालगाडीवर गार्ड म्हणून आठवडाभर जे केलं, तेच पुन्हा टेबलावर करण्यासाठी. माझी बायको अंजना कपाळाला हात लावायची.

बाबुलालमामा दौंडच्या यार्डात शंटिंग जमादार होते. मी नवा होतो तेव्हा त्यांनीच मला हाताखाली घेतलं, म्हणून नाही म्हणवत नव्हतं. रेल्वेच्या मोठ्या संपानंतर ते रिटायर झाले आणि शिरूरला लेकीकडे, गुलशनकडे, राहायला आले. तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या फळ्या टाकून त्यांनी अख्खं यार्ड उभं केलं. रूळ छत्रीच्या काड्यांचे, स्लीपर काडेपेटीतल्या काड्यांचे, डबे डालड्याच्या पत्र्याचे. कोळशाच्या डब्यात खरा कोळसा कुटून भरलेला. इंजिन हातानंच ढकलायचं, पण त्याला खेळणं म्हणायची सोय नव्हती. मनमाडकडून आलेली गाडी तोडायची, कांद्याचे डबे इकडं, साखरेचे तिकडं, बिघडलेला डबा सिक लाइनवर. मी झेंडी दाखवल्याशिवाय मामा इंजिनाला बोट लावत नसत. एकदा मी वैतागून डबा उचलला आणि सरळ दुसऱ्या रुळावर ठेवला.

"दौंडात उचलतोस का असा?" मामा म्हणाले. "क्रेन हायेस का तू?"

सिक लाइन म्हणजे दुरुस्तीची लाइन. तिथं फिटर डब्याखाली शिरतो, तेव्हा आधी डब्याला लाल झेंडी लावतो. ती झेंडी आहे तोवर त्या डब्याला इंजिन लागत नाही. आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. दुसऱ्या कुणी, अगदी साहेबानंसुद्धा, हात लावायचा नाही. झेंडी म्हणजे आत माणूस आहे.

मामांचा मुलगा सिद्दीक दौंडच्या यार्डातच फिटर होता. वैशाखात एकदा झेंडी लावून डब्याखाली शिरला आणि उन्हाच्या तडाख्यानं आतच त्याचा जीव गेला. झेंडी लागलेली, म्हणजे पोरगं काम करतंय, असं सगळ्यांनी धरलं. मामा स्वतः इंजिन रोखून समोर उभे होते. तो बाहेर येऊन झेंडी काढेल, मग डबा ओढू, म्हणून वाट बघत राहिले. चूक कुणाचीच नव्हती. त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला असावा.

टेबलावरच्या यार्डात मामांनी माणसं केली नव्हती. मीही कधी विचारलं नाही.

दिवाळीच्या आसपास एका दुपारी आम्ही साखरेचे डबे लावत होतो, तेव्हा मला आवाज आला. टिण्. जरा थांबून पुन्हा टिण्. चाकाला तडा गेलाय का ते बघायला फिटर हातोडीनं ठोकतो, तसा.

"मामा, शेजारी कुणी कासार बसतो का?"

"न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

पत्रा तापला की वाजतो, अशी मी समजूत घातली. दमलेल्या माणसाला अशी समजूत लगेच पटते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एसटीचा कंडक्टर हौसराव मला शोधत आला. गुलशननं निरोप धाडला होता, असाल तसे या. मी ड्यूटीवरून उतरलो तसाच निघालो. अंगावर कोळशाची काजळी, काखेत गुंडाळलेल्या झेंड्या. भीमेचा पूल कधी गेला ते कळलंसुद्धा नाही.

गुलशन शेडच्या दारातच उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"बन्सीदादा, परवापासनं अब्बांच्या पोटात अन्न न्हाई. पाणी बी घेत न्हाईत. तिथनं उठंनात. डॉक्टर म्हनले, असंच चाललं तर माणूस हाती लागायचं न्हाई."

आत मामा स्टुलावर बसले होते. हात इंजिनावर, नजर सिक लाइनवर. तिथं एकच डबा होता आणि त्याला काडीएवढी लाल झेंडी लावलेली होती.

"कुणी लावली?" मी गुलशनला विचारलं.

"आईशप्पथ, मी न्हाई. अब्बा म्हनत्यात त्यांनी बी न्हाई."

मी वाकून बघितलं. चिंधीला ताज्या ऑइलचा वास येत होता. डब्याखालून आवाज आला. टिण्.

"ऐकलंस?" मामा म्हणाले. ओठ सुकून फुटलेले. "काम चालू हाय त्याचं. झेंडी काढंल, मग डबा ओढतो."

"दादा, तुम्ही काढा ना ती," गुलशन हळूच म्हणाली. "तुम्ही रेल्वेचे. तुमचं ऐकतील."

दुसऱ्याची झेंडी काढायची? आमच्यात कुणी असलं स्वप्नातसुद्धा करत नाही. पण म्हातारा डोळ्यांदेखत चालला होता आणि मला ते बघवेना. त्यांनी मला माणसात आणलं होतं. मग मला एकच वाट सुचली.

"मामा," मी म्हणालो, "झेंडी माझी हाय. मागल्या खेपेला मीच लावली, काढायची राहून गेली."

आणि मी ती काढली. हातोडी थांबली.

मामांनी इंजिन पुढं ढकललं. बफर टेकले. त्यांनी डबा सिक लाइनवरून ओढून काढला आणि डोळे मिटून मोठा श्वास सोडला. गुलशननं ताट आणलं तर निमूट जेवले. मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकून तिथंच डुलकी काढली.

निघताना मामांनी माझा हात धरला. नजर अगदी शुद्धीवरची होती.

"बन्सी, झेंडी तुझी व्हती म्हंजी आत तू व्हतास."

"व्हय मामा."

"मग बाहेर कवा आलास?"

मी हसलो. एसटी चुकेल म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीवर गेलो, तर सिक लाइनजवळ गर्दी. इंजिन खोळंबलेलं. एका डब्याला लाल झेंडी आणि डब्याखाली कुणीच नाही. चांगदेव फिटर प्रत्येकाला विचारत होता. सगळे माना हलवत होते.

मी काखेतल्या झेंड्या उलगडल्या. हिरवी होती. लाल नव्हती.

चांगदेवनं ते बघितलं.

"तुमचीच हाय व्हय, गार्डसाहेब? काढा की मग. किती वाट बघायची?"

मी डब्यापाशी गेलो. झेंडीला हात घातला.

खालून आवाज आला. टिण्.

मग डब्याखालूनच कुणीतरी म्हणालं, "थांबा. आत माणूस हाय."

आवाज फार दमलेला होता. आणि माझाच होता.