धम्माकाकाची शेवटची नोंद

रेडिओ दोन स्टेशनांच्या मधोमध लावून ठेवला होता. तिथं ना गाणं, ना बातम्या, नुसती खरखर. पण कुठं दूर वीज चमकली, की त्या खरखरीत 'चर्र' असा एक ठसका उठायचा. गच्चीवर बसलेली तिघं ते ठसके मोजत होती.

"या मिनिटात सात," सोमेश म्हणाला. "लिही."

"सहा," त्याची धाकटी बहीण रुद्राणी म्हणाली. "सातवा तुझ्या खुर्चीचा होता."

विशाखानं वहीत सहा लिहिलं. वही तिच्या धम्माकाकाची होती. अर्धापूरजवळच्या बोरगव्हाणात दर उन्हाळ्यात गारांची, वादळांची नोंद ठेवणारा तो एकटाच माणूस होता. ढग कुठल्या दिशेचा, त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला का, वारा कधी पडला, सगळं तो वेळेसकट लिहायचा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनानं भागायचं, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं, हे त्यानंच विशाखाला शिकवलं होतं. "तीस सेकंदांच्या आत आवाज आला, की पक्क्या घरात. वाद घालायचा नाही," असं तो म्हणायचा.

आणि मागच्या वैशाखात तोच वीज पडून गेला. केळीच्या बागेशेजारच्या उघड्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर सापडला, हातात मोबाइल धरलेला. ढगांचा व्हिडिओ काढायला गेला होता, असं गाव म्हणालं. 'हवामानवाला, अन् विजेनंच नेला,' असं पारावर कुणीतरी बोललं, ते विशाखाच्या बाबांनी ऐकलं. एसटीत वाहक असलेले तिचे बाबा आनंदराज त्या दिवसापासून भावाबद्दल बोलले नाहीत. काकाच्या वह्या त्यांनी लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं. या सुट्टीत आईनं त्यातली शेवटची वही हळूच काढून विशाखाला दिली.

त्या वहीचं शेवटचं पान तिनं आता दोघांपुढं धरलं.

'४.०५. नैर्ऋत्येला ऐरण. वारा पडला. ४.१२. शेषेरावांना फोन केला. भोंगा नाही. ४.१५. पुन्हा फोन. भोंगा नाही.'

पुढं पान कोरं होतं.

"व्हिडिओ काढायला जाणारा माणूस भोंग्यासाठी दोनदा फोन कशाला करील?" विशाखानं विचारलं.

वादळाची सूचना द्यायचा तो भोंगा ग्रामपंचायतीच्या छतावर होता आणि शेषेराव होते पंचायतीचे शिपाई.

"शेषेरावमामा तर म्हणतात, भोंगा वाजवला होता म्हणून," सोमेश म्हणाला. "वाऱ्यामुळं कुणाला ऐकू आला नाही म्हणे."

"चला, बघून येऊ," विशाखा म्हणाली.

भोंग्याची पेटी पंचायतीच्या जिन्यात भिंतीला लावलेली होती. शेषेराव पोरांना तिथं उभं राहू देत नसत. पण रुद्राणी अकरा वर्षांची असली तरी गप्पांत मोठ्यांना हार जायची नाही.

"मामा, रहिवासी दाखल्याला काय काय लागतं?" तिनं दारातच विचारलं.

शेषेरावांनी चष्मा लावला आणि सांगायला सुरुवात केली. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि आजोळचा पाहिजे असला तर?" ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

तेवढ्यात सोमेशनं पेटीची कडी काढली. आत बॅटरीची जागा रिकामी होती. दोन वायरी लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकांवर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं होतं. ते वाळून पांढरं पडलं होतं.

"हे काय आज-कालचं न्हाई," सोमेश कुजबुजला. "वर्षाच्या वर झालं असंल."

विशाखानं सरळ जाऊन विचारलं, "मामा, भोंग्याची बॅटरी कुठंय?"

शेषेराव दाखल्याच्या मध्येच थांबले. "दुरुस्तीला पाठवलीय नांदेडला," ते म्हणाले. "तुमाला काय करायचं? जा, खेळा जाऊन."

ते बोलताना तिच्याकडं बघत नव्हते.

चार दिवसांनी, बुधवारी, दुपारी तीनलाच वारा पडला. लाइट सकाळपासून गेलेली. अंगाला घामाची चिकचिक सुटली, केळीची पानं हलेनाशी झाली. गच्चीवर रेडिओ ठसकत होता. मिनिटाला बारा, मग अठरा, मग मोजताच येईना. नैर्ऋत्येला ढगाचा मनोरा वर चढत गेला आणि त्याचा माथा सपाट होऊन पसरला.

"ऐरण," विशाखा म्हणाली.

मागच्या वर्षी हेच आभाळ होतं. आणि आज बागेत माणसं होती. इस्लापूरकडून केळीच्या कटाईला आलेली बायकांची टोळी सकाळपासून गावाबाहेरच्या मोठ्या बागेत घड उतरवत होती. केळीच्या दाट पानांतून त्यांना आभाळ दिसत नाही.

"मी पळत जाऊन सांगून येतो," सोमेश म्हणाला.

विशाखानं त्याचं मनगट घट्ट धरलं. "न्हाई. काका असाच गेला असंल. वाटेत गाठलं तर?" ती क्षणभर थांबली. "भोंगाच वाजवू. शेषेरावमामांना उठवू, दुसरी बॅटरी कुठली मिळते का विचारू."

शेषेरावांचं घर पंचायतीच्या मागच्याच गल्लीत होतं. ओसरीवर ते बाजेवर झोपले होते. साऱ्या गावाची लाइट गेलेली, पण त्यांच्या उशाशी छोटा पंखा भिरभिरत होता. पंख्याची वायर बाजेखाली गेली होती. रुद्राणीनं वाकून बघितलं आणि विशाखाचा फ्रॉक ओढला.

बाजेखाली एक मोठी काळी बॅटरी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं होतं, 'ग्रा. पं. बोरगव्हाण'.

विशाखा त्या अक्षरांकडं बघत राहिली. या पंख्यासाठी, असं तिला वाटलं. एवढ्याशा पंख्यासाठी.

"घेऊ का?" सोमेशनं विचारलं. "चोरी होईल."

"गावाचीच आहे," रुद्राणी म्हणाली. "मी वाचलंय ना आत्ता."

सोमेशच्या वडलांचा, महादेवप्पांचा, ट्रॅक्टर होता. वायरी कशा सोडवायच्या ते त्याला माहीत होतं. पंखा थांबला. बॅटरी इतकी जड, की दोघांनी मिळून ती कशीबशी सोमेशच्या सायकलच्या कॅरिअरवर चढवली. गल्लीच्या तोंडाशी पोचतात तोच मागून आरोळी आली. घामानं जागे झालेले शेषेराव एका पायात चप्पल घालून धावत येत होते.

"ए पोरट्यांनो, ठेवा ती खाली!"

तिघांनी सायकल जोरात ढकलली. जिन्यात सोमेशनं कुंभारमाशीचं घर नखानं खरवडलं. लाल वायर लाल टोकाला, काळी काळ्याला. शेषेराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर आले तेव्हा विशाखानं बटण दाबलं.

आधी नुसतीच घरघर झाली. मग भोंगा उठला. गावाच्या वरून, बागांच्या वरून तो आवाज लांबत गेला, खाली आला, पुन्हा चढला. शेषेराव होते तिथंच पायरीवर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं.

शिवारातून माणसं निघाली. कुणी बैल सोडून, कुणी फवारणीचा पंप टाकून. सगळ्यात शेवटी बागेतून बायका आल्या. त्या धावत आल्या आणि शाळेच्या पक्क्या खोलीत शिरल्या. विशाखानं दारात उभं राहून मोजल्या. अकरा. त्यांच्या मुकादमानं मान डोलावली, सगळ्या आल्या.

मग वीज दिसली आणि नऊच सेकंदांत गडगडाट आला. पाठोपाठ गारा. पत्र्यांवर इतका आवाज, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बागेकडं एक लखलखाट झाला आणि भिंती हादरल्या. धुऱ्यावरची बाभूळ मधोमध उभी चिरली, ते नंतर कळलं.

गारा थांबल्यावर टोळीतली एक वयस्क बाई ओल्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, "गेल्या साली असा भोंगा वाजला असता तर तो मानूस वाचला असता, माय."

विशाखा तिच्यापुढं जाऊन बसली. "कोणता माणूस, आजी?"

बाईचं नाव केवळाबाई. ती सांगू लागली. गेल्या वर्षी याच बागेत त्या घड उतरवत होत्या. गावातला एक माणूस वाऱ्यासारखा पळत आला. वीज येऊन राहिली, शेडात चला, म्हणून त्यानं ओळीओळीत शिरून एकेकीला बाहेर काढलं. त्या शेडाकडं पळाल्या. तो शेवटची ओळ बघायला मागं राहिला.

"त्या वळीत कोनीच नव्हतं," केवळाबाई म्हणाली. "पन त्याला काय म्हाईत. त्याच सांजच्याला मुकादमानं आमाला गाडीत घातलं अन् गावाकडं नेलं. पोरी लई भेल्या व्हत्या. त्याचं नावबी आमाला कुनी सांगितलं न्हाई."

"धम्मानंद," विशाखा म्हणाली. "माझे काका होते."

केवळाबाईनं तिचं डोकं आपल्या ओल्या छातीशी ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली. शेषेरावांनी उभं राहून सगळं कबूल केलं. धम्मानंदचे दोन्ही फोन त्यांनी घेतले होते आणि दोन्ही वेळा 'वाजवतो' म्हणाले होते. बॅटरी मात्र तेव्हाही बाजेखालीच होती. व्हिडिओची गोष्ट पहिल्यांदा पारावर सांगितली तीही त्यांनीच. त्यांना कामावरून काढायचं ठरलं. मग महादेवप्पा उठले. एरवी ते फार बोलत नसत. "आम्ही मोठ्यांनी वरीसभर त्या माणसाला हसून घेतलं," ते म्हणाले. "या तीन लेकरांनी आमची लाज राखली अन् गाव राखलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमेशचे कान लाल झाले. रुद्राणीनं कौतुक दोनदा ऐकायची तयारी ठेवली होती. विशाखाला मात्र टाळ्या नकोशा वाटल्या. अकरा बायका वाचल्या त्याचा आनंद होता, पण त्याच्या खाली, तळाशी, एक वर्ष जुनी दुपार तशीच पडून होती. भोंगा तेव्हाही वाजू शकला असता.

संध्याकाळी केवळाबाई घरी आली. बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते, खाकी शर्टातच खुर्चीवर बसले होते. तिनं सगळं त्यांना पुन्हा सांगितलं. ते जमिनीकडं बघत ऐकत राहिले. ती थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "शेवटी काही बोलला का तो?"

"'पळा, मागं बघू नका,' म्हनत व्हता," केवळाबाई म्हणाली. "आमी बघितलं न्हाई, दादा. एकीनंबी बघितलं न्हाई. बघाया पायजे व्हतं."

"नाही, मावशी," बाबा म्हणाले. "त्यानं सांगितलं तसंच केलंत तुम्ही. बरं केलंत."

त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण ते दोन्ही हातांत तोंड घेऊन रडू लागले. वर्षभरात विशाखानं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली. आईनं केवळाबाईसाठी चहा टाकला आणि चौघंही अंधार पडेपर्यंत धम्माकाकाबद्दल बोलत बसली.