अस्वलाच्या पोटातली साक्ष

सातपुड्याच्या एका सोंडेवर उभ्या असलेल्या भवरगडाच्या तटाला मार्गशीर्षातले पहिले ऊन लागले, दरीतले धुके पदर आवरल्यासारखे खाली सरकले, बुरुजावरचे निशाण वाऱ्यावर डोलू लागले, आणि या साऱ्या शोभेच्या मधोमध, सहा भोयांच्या खांद्यांवर झुलत, किल्लेदार मानाजीराव खडतरे शिकारीहून परतले. मागून बांबूला टांगलेले अस्वल येत होते. त्याला चार माणसे पुरली होती. रावांना सहा लागत.

मानाजीरावांचा पराक्रम साऱ्या मुलखाला ठाऊक होता, कारण तो सांगण्याचे कष्ट ते कुणावर टाकत नसत. त्या दिवशी तर गडावर सुभेदार रायाजी बांदल मुक्कामी होते. गनीम बारा कोसांवर येऊन ठेपला होता, दरवाजाच्या मोर्चाचा सरदार नेमायचा होता, आणि सरदारकीसोबत पायात सोन्याचा तोडा मिळायचा होता. रावांचा पाय त्या तोड्यासाठी आठवडाभर शिवशिवत होता.

पण गडाची एक चाल होती. देवडीच्या दगडावर कोरलेले होते : ‘मढ्यापाशी मान वाकविलेल्या जीवावर हत्यार चालवू नये. चालवील त्यास या गडाचा नगारा नाही.’ म्हणून शिकार सदरेवर आली की रानाच्या नाइकाने तिचे पोट सर्वांदेखत फाडावे. आत वाळवी, फळे, मध निघाला तर शिकार खरी, मढ्याचे मांस निघाले तर खोटी. आणि मगच नगाऱ्यावर टिपरी पडावी, असा पूर्वापार शिरस्ता.

नाईक होता लुमा कोरकू. वय सत्तरीचे, बोलणे थोडे. कारभारी त्रिंबकपंतांनी त्याला देवडीतच गाठले.

“लुमा, पोट आज जरा वरवर बघ. मोह निघाला म्हणायचं, संपलं.”

“मार्गशीर्षात मोह, पंत? अस्वलानं मडक्यात भरून ठेवला होता काय?”

“मग वाळवी म्हण, मध म्हण! तुझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलंय?”

“अन् दुसरंच काही निघालं तर?”

पंतांनी पश्चिमेच्या कड्याकडे बोट केले. “तिथून खाली गेलेला माणूस परत वर आल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही.”

लुमाने कड्याकडे पाहिले, सुरीची धार अंगठ्यावर पाहिली, आणि तो सदरेकडे चालू लागला.

सदरेवर रावांची गोष्ट रंगात आली होती. “सुभेदारसाहेब, जनावर कसलं, डोंगर! दोन पायांवर उभं ठाकलं, गरजलं. आम्हीही गरजलो. बंदूक फेकली, तलवार उपसली, आणि एका घावात—”

“मग कानामागं हे गोळीचं भोक कसलं, किल्लेदार?”

“ते... शेवटी तडफड बघवेना. दया आली.”

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. पंत घाईने म्हणाले, “सरकार, नगारा होऊ द्या. पोट फाडणं म्हणजे रानटीपणा, पाहुण्यांपुढं शोभत नाही.”

“दगडावर कोरलंय ते आम्हांला शोभतं. चालू दे, नाईक.”

लुमा गुडघ्यावर बसला. सुरी फिरली. आतून कच्च्या मांसाचे लगदे निघाले, आणि त्यांत तळहाताएवढा कातड्याचा तुकडा. लुमाने तो तांब्याभर पाण्याने धुतला आणि उन्हात वर धरला. त्यावर डागलेला त्रिशूळ साऱ्या सदरेने पाहिला.

“हा तर आमचा ढवळ्या!” तोफखान्याचा दारोगा ओरडला.

मागच्या वेढ्यात थोरली तोफ ओढून गडावर आणणारा बैल तो. मरेपर्यंत गडाची वैरण त्याला लावून दिलेली होती. तीन दिवसांपासून तो बेपत्ता होता.

“सरकार,” लुमा म्हणाला, “या म्हाताऱ्या अस्वलीच्या तोंडात दात उरलेत चार, बैल हिच्यानं मरायचा नाय. रावांच्या माणसांनी ढवळ्याला मारून नाल्यात टाकला. राव मचाणावर बसले. हिची मान मढ्यात गेली, तवा बार टाकला. मागनं मढं ओढून लांब नेलं. फरपटल्याची वाट अजून गवतात हाय. पंत, आता कडा दाखवा, मी येतो.”

“खोटं! साफ खोटं!” पंत उसळले. “अस्वल मढ्यापासून दोनशे कदमांवर पडलं होतं. मी स्वतः मोजलेत!”

“मोजलेत? म्हणजे मढं होतं तर,” सुभेदार शांतपणे म्हणाले.

मानाजीराव तांबडेलाल झाले. “एका जनावरापायी किल्लेदाराची अब्रू काढता? जनावराला कसला आलाय कायदा?”

“कायदा बंदूक धरणाऱ्याला असतो, राव. हा दगड जुन्या एका वेढ्यात कोरला गेलाय. दोन्हीकडची माणसं आपले मुडदे उचलायला वाकत, आणि वाकलेल्यावर कुणी बार टाकत नसे. जो अस्वलावर टाकतो, तो माणसावरही टाकेल. आणि समोर ताठ उभा राहिलेला पाहिला, की पालखी मागवेल.”

सदर हसली. भोयांनाही हसू आवरले नाही.

नगारा वाजला नाही. पंतांना त्याच पावली गडाखाली धाडले. दरवाजाचा मोर्चा दारोग्याकडे गेला, आणि सोन्याचा तोडा सुभेदारांनी लुमापुढे धरला. लुमा म्हणाला, “पायात घालून रानात फिरू कसा? जनावर हसंल मला.” मग रानातून शोधून आणलेल्या ढवळ्याच्या शिंगात तोडा अडकवला आणि ती शिंगे थोरल्या तोफेवर बांधली. मानाजीरावांच्या वाट्याला काम आले ते एवढेच, की वेढा पडला म्हणजे रोज सकाळी तटाखाली उतरून आपले मुडदे वर आणायचे. पायी.

आठव्या दिवशी वेढा पडला. पहिल्याच सकाळी राव खाली उतरले, एका प्रेतापाशी वाकले, आणि मान वर करतात तो समोर तीस हातांवर गनिमाचा बंदूकवाला नेम धरून बसलेला. रावांनी मान पुन्हा प्रेतापाशी खाली घातली. बंदूकवाल्याने प्रेत पाहिले, वाकलेला माणूस पाहिला, आणि बंदूक खाली केली. जा, असा हात केला.

राव धापा टाकत देवडीत परतले, त्या कोरलेल्या दगडाला टेकून बसले, दोन तांबे पाणी प्यायले, आणि भोवती माणसे जमताच मिशीला पीळ देत म्हणाले,

“पाहिलंत? नुसतं आमच्याकडं बघून गनिमाच्या हातातली बंदूक खाली आली!”