नळीतली हवा

लढाई संपली आणि खडकीच्या लष्करी वर्कशॉपमधून सुटून मी भोरला घरी आलो. इतकी वर्षं लॉऱ्यांच्या पोटाखाली आडवं पडून पाठ कामातून गेली होती. आता काही दिवस फक्त झोपायचं, असं मी सौदामिनीला, माझ्या बायकोला, सांगून ठेवलं होतं.

पण गुंजवण्याच्या कुंडलिकनं लष्कराच्या लिलावातून एक छोटी लॉरी घेतली. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, आणि इंजिन डिझेलचं. आमच्या भागात डिझेलचं इंजिन उघडून पाहिलेला माणूस मीच. माझी झोप तिथंच संपली.

कुंडलिक गुंजवण्याहून नसरापूरकडे भात न्यायचा, हिरडा न्यायचा, जागा उरली तर माणसं घ्यायचा. वाटेत, मार्गासनीच्या अलीकडे, एका ओढ्यावर दगडी मोरी आहे. आजूबाजूला करंजाची झाडं. तिथं गाडी बंद पडायची. एरवी कुठंच नाही.

पहिल्यांदा निरोप आला तेव्हा मी प्रवाशांची सर्व्हिस मोटार आणि नंतर बैलगाडी असं करत पोचलो. उन्हं कलायला लागली होती. हौद्यात ठकुबाई नावाची म्हातारी मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. लेकीकडे निघाली होती.

"कवा सुरू व्हनार रं?" तिनं विचारलं.

"होईल आजी. नळीत हवा शिरलीय."

खोटं नव्हतं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन गुदमरतं. पंपावरचा नट ढिला करायचा, हातानं पंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग स्वच्छ तेल. तेल आलं की नट आवळायचा. सोपं काम. फक्त त्या दिवशी फेस संपेचना. माझा अंगठा दुखून आला. शेवटी तेल आलं, गाडी एका झटक्यात सुरू झाली. ठकुबाई मान खाली घालून डुलक्या घेत होती.

नसरापूरला आम्ही तिला उतरवायला गेलो तेव्हा ती थंड पडली होती.

"वय झालं होतं," मी कुंडलिकला म्हणालो. तोही मान हलवून "व्हय" म्हणाला.

त्यानंतर मी नळी बदलली, सांध्यांतले तांब्याचे वायसर बदलले, टाकी उतरवून धुतली. हवा शिरायला सुईएवढी जागा ठेवली नाही. तरी गाडी त्याच मोरीवर पुन्हा बंद पडली. त्या खेपेला शेतावरून परतणारा कोंडिबा नावाचा शेतकरी हौद्यात होता. हवा काढली, गाडी घरी गेली. कोंडिबा त्या दिवसापासून अंथरुणाला खिळला, तो पुन्हा उठलाच नाही.

कुंडलिक माझ्याकडे भोरला आला. ओट्यावर बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

"मिस्तरी, एक बोलू का? नुसतं भात असलं की ती बंद पडत न्हाई."

"मग?"

"मानूस असलं की पडती. त्यातबी समद्यास्नी न्हाई. लई दमल्यालं मानूस असलं की."

"कुंडलिक, इंजिनाला माणूस कळत नाही."

"व्हय," तो म्हणाला. पण नजर वर केली नाही.

मी त्याच्यासोबत गुंजवण्याला गेलो. दिवसभर गाडी उघडून बसलो. काही सापडलं नाही. मुक्काम तिथंच केला, आणि सकाळी निघायच्या तयारीत होतो तेवढ्यात कुंडलिकच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. त्याची बायको बनाबाई तापानं पडून होती. आता तिला श्वास पुरत नव्हता. आम्ही तिला घोंगडीवर घालून हौद्यात ठेवलं. तिची सासू सगुणाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. भोरचा दवाखाना गाठायचा होता.

कुंडलिकनं गाडी भरधाव सोडली. मोरी जवळ आली तसा त्याचा पाय आणखी दाबला गेला.

इंजिन दोनदा ठसकलं आणि थांबलं.

मी बॉनेट उघडलं. नट ढिला केला. फेस वर आला. मी अजून पंपाला हात लावला नव्हता.

फेस वर आला, खाली बसला. पुन्हा वर आला. मी बोट पुढं केलं. डिझेल थंड असतं. ही हवा उबदार होती. मी अंगठा नटावर दाबला. आतून तो ढकलला गेला. मग आत ओढला गेला. मग पुन्हा ढकलला गेला, जरा हळू.

"मिस्तरी!" मागून सगुणाबाई ओरडली. "काय करताय वो? पोर चालली की माजी!"

मी हौद्याकडे पाहिलं. बनाबाईची छाती खाली जात होती, आणि माझ्या हाताखाली फेस वर येत होता.

मी नट आवळला. करकचून.

हौद्यात एक लांब, खरखरीत श्वास आत गेला. मग दुसरा.

"थांबलात कशापायी?" कुंडलिक जवळ आला. "काढा की हवा!"

"नाही काढणार."

"दवाखाना लांब हाय, मिस्तरी!"

"बैलगाडी बघ. कुणाची तरी येईल."

त्याला माझं म्हणणं समजलं असावं, कारण त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तरीही त्यानं माझ्या हातातला पाना हिसकावला. बायको मागे तडफडत होती. मीही तेच केलं असतं. मी पाना ओढून घेतला आणि ओढ्यात भिरकावला. त्यानं माझी गचांडी धरली. तसाच धरून रडायला लागला.

साखर गावाकडून भिमा नावाच्या गाडीवानाची बैलगाडी आली. बनाबाईला आम्ही तिच्यात घातलं. भोरला पोचेपर्यंत दिवस सरला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांना सूज आहे, पण श्वास चांगला चाललाय. ती वाचली.

लॉरी मोरीवरच उभी होती. बनाबाई उठून बसायला लागली तेव्हा आम्ही दोघं लॉरी आणायला गेलो. टळटळीत दुपार होती. ओढ्यात बायका धुणी धूत होत्या, करंजाला एकीच्या तान्ह्याची झोळी टांगलेली होती. मी नवा पाना नेला होता, पण तिथं पोचल्यावरही तो पिशवीतच राहिला.

कुंडलिकनं बॉनेट उचललं.

नट मी आवळला होता तसाच होता. त्याच्याभोवती फेस होता. वर येत होता, खाली बसत होता.

आम्ही दोघंही हललो नाही. कुंडलिकनं माझ्या छातीकडे पाहिलं. मी त्याच्या. दोघांचे श्वास ठीक चालले होते, आणि फेस दोघांशीही जुळत नव्हता.

मी मागे जाऊन हौद्यात पाहिलं. फळ्या रिकाम्या होत्या.

परत आलो तेव्हा कुंडलिक इंजिनाला कान लावून उभा होता.

"लई बारकं हाय, मिस्तरी," तो हळूच म्हणाला. "आन् झोपल्यालं हाय."