भिकाकाकांची काच

चैतालीच्या प्रदर्शनाच्या दाराशी पाटी होती : ‘हे कसलं चित्र आहे, असं विचारू नये.’ तरी लोक विचारायचेच. अमूर्त चित्रापुढे भले भले चुळबुळतात, आणि चैताली त्याची मनापासून मजा घ्यायची.

पण हा माणूस... पहिल्या दिवशी उन्हाला कंटाळून आत शिरला, तो रोज संध्याकाळी यायलाच लागला. कोपऱ्यातल्या मोठ्या काळ्या चित्रापुढे बाकावर बसायचा, तो हलायचं नाव नाही. आणि विचारायचा तर काहीच नाही!

नेमकं त्याच चित्राचं फ्रेमिंग फसलं होतं. पंचवटीतल्या फ्रेमवाल्या भिकाकाकांचा हात देवांच्या फोटोंवर बसलेला. सवयीने त्यांनी ह्यालाही चकचकीत काच ठोकली.

“काच नसली की उदबत्तीचा धूर बसतो, पोरी.”

“माझ्या चित्राला उदबत्ती कोण ओवाळणार आहे, काका?” चैतालीने कपाळावर हात मारला. पण बदलायला वेळ नव्हता.

शेवटच्या संध्याकाळी तिला राहवेना. सरळ बाकाशी जाऊन उभी राहिली.

“पाटी माझीच आहे, तरी मीच विचारते. ह्यात काय दिसतं तुम्हाला?”

तो गडबडला. नाव अश्विन, मनमाडला रेल्वेत सिग्नलचं काम, इथे ट्रेनिंगला आलोय, उद्या परत... सगळं एका दमात सांगून टाकलं. मग हळूच म्हणाला, “खरं सांगू? तुम्ही.”

“काय?”

“काचेत मागचं तुमचं टेबल दिसतं. तुम्ही पेन्सिल चावता... तेसुद्धा.”

चैतालीचे गाल तापले. पण त्याहून जास्त राग आला. किती महिने झगडली होती ती त्या काळ्याशी, आणि ह्या पठ्ठ्याने त्याचा आरसा केला!

“म्हणजे माझं चित्र तुम्ही पाहिलंच नाही.”

“पाहिलं ना. तुम्ही चहाला खाली जायचात तेव्हा.” आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “आधी वाटलं, नुसता काळोख आहे. मग कळलं, खाली सगळीकडे निळा आहे, आणि बसून राहिलं की तो हळूहळू वर येतो. का येतो, ते नाही कळलं. म्हणून परत परत आलो... त्याच्यासाठी पण, तुमच्यासाठी पण.”

तो निळा वर का येतो, हे चैतालीलाही कधी कळलं नव्हतं. आजवर तो कुणाला दिसलाही नव्हता. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

“उद्या भिकाकाका काच काढायला येताहेत,” ती म्हणाली. “मग काय बघाल?”

“चित्र.” अश्विनने पहिल्यांदाच मान वळवून थेट तिच्याकडे पाहिलं. “तुमच्याकडे बघायला आता काच कशाला हवी?”

चैतालीने नजर खाली वळवली नाही.

“मग रविवारी सिडकोत या, आमच्या घरी. चित्र तिथेच असेल, आई-बाबाही असतील,” ती हसली. “आणि आमच्या दाराशी पाटी नाही... विचारायचं ते विचारा.”