पिंपळखुटी तलावातला कटला

कळमेश्वरच्या पुढे पिंपळखुटी तलावावर सकाळी साडेसातलाच बोंबाबोंब झाली. पश्चिमेच्या काठाला शंभरेक मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. बोटाएवढी पिल्लंसुद्धा.

नागपूरच्या हौशी गळवाल्यांच्या क्लबची स्पर्धा नेमकी आजच होती. नियम सोपा: मासा गळानं धरायचा, तोलायचा, जिवंत परत सोडायचा. भावना वासनिक पंच होती. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि वीस वर्षं स्वतः गळ टाकत आली होती.

ती धावत पोचली तेव्हा क्लबचे अध्यक्ष चंपतराव धोंडबाची कॉलर धरून उभे होते. धोंडबा गावातल्या मच्छीमार सोसायटीचा; तलावाचा ठेका सोसायटीकडेच होता.

"यानं जहर टाकलं! काठाला बांधलेल्या याच्या डोंग्यात ब्लीचिंग पावडरची पिशवी सापडली," चंपतराव गरजले. "रद्द करा यांचा ठेका. तलाव क्लबले द्या, आम्ही सांभाळतो."

"मी काहून टाकीन, मॅडम?" धोंडबा कॉलर सोडवत म्हणाला. "याच पाण्यावर घर चालून राहिलं माझं."

बीट जमादार रवींद्र आले, पिशवी ताब्यात घेतली आणि धोंडबाला जीपकडे ढकलू लागले.

"पाच मिनिटं थांबा," भावना म्हणाली.

ती गुडघाभर पाण्यात उतरली. ओंजळीत चार झिंगे आले. चारही टणाटण उड्या मारत होते. मग तिनं एक मेलेला रोहू उचलून कल्ले उघडले. लालभडक. काठावर बसून तिनं चाकूनं त्याची पाठ चिरली आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"सकाळपासून कोणाला मोठा मासा लागला?"

"मलेच," चंपतराव छाती फुगवून म्हणाले. "अकरा किलोचा कटला. सात वाजता. झुंजून झुंजून मेला बिचारा."

"कुठे बसला होतात?"

"इथंच, गाडीजवळ. गाडी तेवढी स्टार्ट होऊन नाही राहिली. आपल्या क्लबातल्या विक्कीनं दोनदा धक्का मारला."

भावनानं कटला मागवला. ओठातलं गळाचं भोक बोटानं ताणून पाहिलं, मग त्याचीही पाठ चिरली. या माणसाच्या हातून तिनं दोनदा स्पर्धेची ढाल घेतली होती.

"जमादार, धोंडबाला सोडा," ती उठली. "ब्लीचिंग टाकलं असतं तर आधी झिंगे मेले असते आणि कल्ले पांढरे पडले असते. हे मासे विषानं मेलेच नाहीत. या रोहूचा कणा मोडलाय, कण्याभोवती रक्त साकळलंय. पाण्यात करंट सोडला की मासा असा आचका देतो, की स्वतःचाच कणा मोडतो."

"मग? करंट धोंडबानंच सोडला असन!"

"तुमच्या कटल्याचाही कणा तसाच मोडलाय, चंपतराव. आणि ओठाच्या भोकाला रक्ताचा थेंब नाही. जिवंत मासा गळाला झुंजला तर ओठ फाटतो, रक्त येतं. तुम्ही मेलेल्या माशाला गळ टोचला. गाडी काठाला लावून तिच्या बॅटरीवरून उजाडायच्या आत करंट सोडलात, म्हणून बॅटरी बसली. ढाल तुम्हाला, बदनामी धोंडबाला, आणि तलाव क्लबला. पिशवी त्याच्या डोंग्यात तुम्हीच ठेवली. डिकी उघडा."

चंपतराव हलले नाहीत. विक्कीनं त्यांच्या खिशातून किल्ली काढली. डिकीत इन्व्हर्टर होता, ओल्या वायरी होत्या, आणि ब्लीचिंग पावडरची दुसरी पिशवी.

मग क्लबचे बाकीचे बाराही जण एकेक करून जमादारांकडे जबाब द्यायला रांगेत उभे राहिले. धोंडबा कोणाकडेही न पाहता डोंग्यात बसला आणि मेलेली पिल्लं जाळीनं गोळा करू लागला.

"भावनाबाई, हौस होती हो नुसती," चंपतराव पुटपुटले. "एवढ्यासाठी केस?"

"गळ टाकून तासभर गप बसणं जमलं नाही तुम्हाला," ती हात धूत म्हणाली. "आता ठाण्यात बसा."